नव्या घरासाठी हीटिंग कसं निवडावं: यंत्र सर्वांत शेवटी

नवं घर बांधायला घेतलं की हीटिंगबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गॅस बॉयलर घ्यावा की हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र? मग ओळखीच्यांकडे काय बसवलंय ते विचारलं जातं, दोन-तीन कोटेशन मागवली जातात आणि त्यातलं मधल्या किमतीचं पसंत पडतं. तोवर खिडक्या ठरलेल्या नसतात, फरशी कोणती हे ठरलेलं नसतं आणि घराला मुळात किती उष्णता लागणार आहे हे कुणीच मोजलेलं नसतं. क्रमच उलटा पडतो. पुढे वीस वर्षं जी बिलं भरावी लागतात, त्यांतला बराच भाग या उलट्या क्रमाचा असतो.

योग्य क्रम असा: आधी घराची गरज, मग ती घरभर पाइपांतून फिरणाऱ्या किती तापमानाच्या पाण्यावर भागेल ते, मग न्हाणीघर-स्वयंपाकघरातलं गरम पाणी, आणि त्यानंतर यंत्र. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो अशा हवामानातलं, नव्याने बांधलं जाणारं स्वतंत्र घर डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत. जुन्या घराचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

## पायरी १: हिशेबाआधीची तयारी

कुठल्याही विक्रेत्याला फोन करण्याआधी एक फाइल तयार करा. तिच्यात पुढच्या गोष्टी हव्यात:

- मापांसह सर्व मजल्यांचे नकाशे आणि घराची दिशा.
- भिंत, छप्पर आणि तळजमिनीच्या थरांचा तपशील. कोणतं इन्सुलेशन, किती जाडीचं, आणि त्यातून येणारी यू-व्हॅल्यू, म्हणजे एक चौरस मीटरमधून तापमानाच्या दर अंश फरकामागे किती वॅट उष्णता बाहेर जाते तो आकडा.
- खिडक्या-दारांची यू-व्हॅल्यू, फ्रेमसकट. नुसत्या काचेचा आकडा बहुधा जास्त चांगला दिसतो, त्यावर भागवू नका.
- तुमच्या भागासाठी ठरलेलं बाहेरचं डिझाइन तापमान. हे आजवरचं सर्वांत नीचांकी तापमान नव्हे. हीटिंगचा हिशेब ज्यावर करायचा ते मानक तापमान असतं आणि ते आर्किटेक्ट किंवा इंजिनीअरकडून मिळतं.
- वायुवीजन कसं असणार: खिडक्या उघडून, नुसत्या एग्झॉस्ट पंख्यांनी, की बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवणाऱ्या यंत्रणेने.
- प्लॉटवर काय उपलब्ध आहे: गॅसची लाइन, विजेचा मंजूर भार, मोकळी जमीन, शेजाऱ्याच्या खिडकीचं अंतर, इंधन साठवायला जागा.

नव्या घरात कोणतं इंधन वापरता येईल यावर अनेक ठिकाणी बंधनं असतात आणि ती बदलत राहतात. बांधकाम परवाना देणाऱ्या कार्यालयात हे आत्ताच विचारून घ्या.

सावधान: फाइल पूर्ण होईपर्यंत ‘फक्त आजच्यासाठी सवलत’ अशा कुठल्याही करारावर सही करू नका.

## पायरी २: हीट लोड मोजा

हीट लोड म्हणजे कडाक्याच्या थंडीत घर गरम ठेवायला लागणारी उष्णता. या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण सर्वांत जास्त घाई इथेच होते. बहुतेक ठिकाणी ‘चौरस मीटरला शंभर वॅट’ असा ठोकताळा चालतो. तो इन्सुलेशन नसलेल्या जुन्या घरांच्या काळातला आहे. नव्या घराला तो लावला तर काय होतं ते एका उदाहरणातून बघू.

दोन मजली घर, एकूण १४० चौरस मीटर, आतलं आकारमान ३५० घनमीटर. आत २० अंश हवेत, बाहेर उणे १०, म्हणजे फरक ३० अंशांचा. प्रत्येक पृष्ठभागासाठी क्षेत्रफळ, यू-व्हॅल्यू आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार करायचा:

- बाहेरच्या भिंती: १६० × ०.२ × ३० = ९६० वॅट
- छप्पर: ७५ × ०.१५ × ३० = सुमारे ३४० वॅट
- खिडक्या-दारं: ३० × १.१ × ३० = ९९० वॅट
- तळजमीन: ७० × ०.२ × १० = १४० वॅट (खालची माती बाहेरच्या हवेइतकी थंड नसते, म्हणून फरक १० अंशांचा धरला)

बेरीज २,४३० वॅट. कोपरे, बाल्कनीचे जोड, खिडक्यांच्या कडा अशा थर्मल ब्रिजमधून जाणाऱ्या उष्णतेसाठी साधारण १० टक्के वाढवले की सुमारे २,६७० वॅट होतात.

आता हवा. तासाला घरातली निम्मी हवा बदलते असं धरू. हवेसाठी सूत्र आहे ०.३३ × बदलाचा दर × आकारमान × तापमानातला फरक. म्हणजे ०.३३ × ०.५ × ३५० × ३० = सुमारे १,७३० वॅट.

एकूण ४,४०० वॅट, म्हणजे ४.४ किलोवॅट. शंभर वॅटच्या ठोकताळ्याने हेच घर १४ किलोवॅट मागतं. तिपटीहून मोठं यंत्र घ्यायचं, त्याचे पैसे मोजायचे, आणि ते आयुष्यभर धड चालत नाही म्हणून तक्रार करत राहायचं.

वरच्या बेरजेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सगळ्या भिंती मिळून ९६० वॅट घेतात आणि नुसती हवा १,७३०. उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा बसवली आणि तिने ८० टक्के उष्णता वाचवली, तर हवेचा भाग सुमारे ३५० वॅटवर येतो. फटींमधून होणारी थोडी गळती धरली तरी घराची गरज साडेतीन किलोवॅटच्या आत राहते. भिंतीवर आणखी चार सेंटिमीटर इन्सुलेशन चढवायचं की वायुवीजनावर खर्च करायचा, हा निर्णय असा आकडे समोर ठेवून घ्या. तो घेण्याची वेळ हीच आहे. नंतर भिंतीची जाडीही बदलता येत नाही आणि हवेचे पाइप न्यायला जागाही राहत नाही.

घराची एकूण बेरीज तुम्ही स्वतः करू शकता आणि जरूर करा. विक्रेत्याचा आकडा पडताळायला ती पुरते. पण प्रत्येक खोलीचा वेगळा हिशेब इंजिनीअरकडूनच करून घ्या. दोन बाजूंनी बाहेरच्या भिंती असलेली उत्तरेची खोली आणि घराच्या मधली खोली यांची गरज चौरस मीटरमागे दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकते. पुढची पायरी याच खोलीनिहाय आकड्यांवर उभी आहे.

तपासणी: हाती आलेल्या अहवालात प्रत्येक खोलीचं तापमान लिहिलेलं आहे का? न्हाणीघर २४ अंशांना आणि झोपण्याची खोली २० किंवा कमी अंशांना धरलेली असायला हवी. सगळीकडे एकच आकडा असेल तर हिशेब खोलीनिहाय झालेला नाही.

सावधान: हा सगळा हिशेब घर हवाबंद आहे असं गृहीत धरतो. आतलं फिनिशिंग व्हायच्या आधी ५० पास्कल दाबावरची हवाबंदपणाची चाचणी करून घ्या. तेव्हा सापडलेली फट टेपने बुजवता येते. प्लास्टर आणि फर्निचर झाल्यावर सापडलेली फट तशीच राहते.

## पायरी ३: पाणी किती गरम लागेल ते ठरवा

हीटिंगच्या पाण्याचं तापमान हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. माझ्या मते यंत्राच्या निवडीपेक्षाही तो महत्त्वाचा आहे. हीट पंप बाहेरच्या हवेतून किंवा जमिनीतून उष्णता उचलतो आणि पाण्याला देतो. पाणी जितकं गरम हवं तितकी त्याला वीज जास्त लागते. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवलं की वीज साधारण दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. ३५ ऐवजी ५५ अंशांचं पाणी लागत असेल तर फरक किती पडेल ते यावरून समजा. गॅस बॉयलरलाही हे लागू आहे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून जादा उष्णता मिळवतो, पण त्यासाठी परत येणारं पाणी ५५ अंशांपेक्षा बरंच थंड असावं लागतं.

म्हणून पाणी शक्य तितकं कोमट ठेवून खोल्या गरम करणारी व्यवस्था निवडा.

फ्लोअर हीटिंग. नव्या घरात माझी पहिली पसंती यालाच. पृष्ठभाग मोठा असल्याने कोमट पाणी पुरतं. आपल्या उदाहरणातल्या घराला सरासरी चौरस मीटरला ३१ वॅट हवेत. फरशी खोलीपेक्षा एक अंशाने गरम असली की साधारण ११ वॅट देते, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही फरशी २३ अंशांच्या आसपास असली की काम भागतं. पाय ठेवल्यावर ती गरम लागणार नाही, आणि ते बरोबरच आहे. ‘फरशी गारच वाटते, सिस्टिम बिघडली’ असं समजून पाण्याचं तापमान वाढवणारे पुष्कळ जण आहेत. त्यांनी पायाऐवजी खोलीतल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. बसण्या-उठण्याच्या जागेत फरशीचं तापमान २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं.

पाइप १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर टाकून घ्या. पाइप थोडा जास्त लागतो, पण पाण्याचं तापमान कायमचं कमी राहतं. काही कंत्राटदार २० किंवा २५ सेंटिमीटरचं अंतर धरून कोटेशन स्वस्त करतात. तिथे अडून राहा. एका सर्किटची, म्हणजे पाइपाच्या एका सलग फेऱ्याची लांबी, नेहमीच्या १६ मिलिमीटर पाइपसाठी, शंभर मीटरच्या आत हवी, नाहीतर पंपावर ताण येतो. फरशीवर काय येणार हेही आत्ताच ठरवा. टाइल आणि दगड उत्तम, पातळ चिकटवलेलं लाकूड चालतं, जाड गालिचा उष्णता अडवतो.

रेडिएटर. रेडिएटरची क्षमता छापील तक्त्यात बहुधा ७५ अंशांचं पाणी आत आणि ६५ अंशांचं बाहेर असं धरून दिलेली असते. १,००० वॅटचा तोच रेडिएटर ५५/४५ अंशांवर साधारण ५१५ वॅट देतो आणि ४५/३५ वर जेमतेम ३००. तेव्हा रेडिएटर हवेच असतील तर ते कमी तापमानाच्या तक्त्यावरून निवडा आणि ते आकाराने मोठे असतील हे मान्य करा. वरच्या मजल्यावर रेडिएटर आणि खाली फ्लोअर हीटिंग अशी सरमिसळ केली, की सगळ्या घराचं पाणी रेडिएटरला लागेल तितकं तापवावं लागतं. शक्यतो टाळा.

न्हाणीघर. इथे नेमकं सर्वांत जास्त तापमान हवं आणि शॉवर, टब, कपाट यांनी फरशी अडवलेली असते. फ्लोअर हीटिंग एकटं बहुधा कमी पडतं. भिंतीतही पाइप फिरवा, नाहीतर टॉवेल रेडिएटरसाठी जोडणी किंवा विजेचा पॉइंट आत्ताच काढून ठेवा. एका न्हाणीघरासाठी अख्ख्या घराचं पाणी तापवत बसायची वेळ येऊ देऊ नका.

तपासणी: डिझाइनमध्ये पाण्याचं कमाल तापमान एका आकड्यात लिहून घ्या. फ्लोअर हीटिंगला ३५ अंशांच्या वर आकडा आला तर कोणत्या खोलीमुळे आला ते विचारा आणि तेवढी एक खोली सुधारा.

## पायरी ४: वापरायचं गरम पाणी

चांगलं इन्सुलेशन केलेल्या घरात हीटिंगचा खर्च उतरतो. आंघोळीच्या पाण्याचा उतरत नाही. त्यामुळे त्याचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात. २०० लिटर पाणी १० वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे ९.३ किलोवॅट-तास लागले. पाच किलोवॅटच्या हीट पंपाला हे दोन तासांत जमतं. तेवढा वेळ घराचं हीटिंग थांबतं, पण तापलेल्या फरशीमुळे ते जाणवतही नाही. गरम पाणी साठवणारी मोठी सिलिंडर आणि मोठं यंत्र यांचा आग्रह धरण्याआधी हे गणित करा.

हीट पंपासोबत घ्यायच्या सिलिंडरची आतली कॉइल मोठ्या पृष्ठभागाची हवी. बॉयलरसाठी बनवलेली सिलिंडर हीट पंपाला जोडली की पाणी तापायला उशीर लागतो आणि यंत्र मध्येच बंद पडत राहतं. सिलिंडर शक्यतो न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या जवळ ठेवा. नळापर्यंतचा पाइप लांबला की दर वेळी थंड पाणी वाहून जाऊ द्यावं लागतं. मग गरम पाणी पाइपांत फिरवत ठेवणारा सर्क्युलेशन पंप बसवला जातो आणि तो चोवीस तास उष्णता सांडत राहतो. बसवावाच लागला तर टायमरवर चालवा.

सावधान: २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, ६० अंशांना ते मरतात. सिलिंडरमधलं पाणी ठरावीक काळाने ६० अंशांवर नेण्याची सोय नियंत्रणात असायलाच हवी. क्वचित वापरला जाणारा पाहुण्यांच्या न्हाणीघराचा नळही मधूनमधून वाहू द्या.

## पायरी ५: आता उष्णतेचा स्रोत

इथपर्यंत आलात की पर्याय आपोआप कमी झालेले असतात. खर्चाची तुलना यंत्राच्या किमतीवर करू नका. घरात पोचलेल्या एक किलोवॅट-तास उष्णतेला किती पडतात ते काढा. इंधनाचा एका किलोवॅट-तासाचा दर भागिले कार्यक्षमता. ढोबळ आकडे असे: नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास, हीटिंग ऑइलच्या लिटरमध्येही सुमारे १०, लाकडी पेलेटच्या किलोमध्ये ४.८, वाळलेल्या जळाऊ लाकडाच्या किलोमध्ये ४.

हीट पंप आणि गॅस यांच्यात निवड करताना एकच भागाकार पुरतो. हीट पंपाची वर्षभराची सरासरी कार्यक्षमता ३.८ (एक भाग विजेमागे ३.८ भाग उष्णता) आणि बॉयलरची ०.९५ धरली, तर ३.८ भागिले ०.९५ म्हणजे ४. विजेचा दर गॅसच्या दराच्या चौपटीपेक्षा कमी आहे तोवर हीट पंपाचं बिल कमी येणार. गॅसच्या बाजूला लाइनचं भाडं, धुराडं आणि दरवर्षीची तपासणी हेही मांडायचं.

बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बहुतेक नव्या घरांना पुरतो. जमिनीतून उष्णता घेणारा हीट पंप कडक हिवाळ्यात जास्त स्थिर चालतो, पण खोदकाम आलं. जमिनीत आडवे पाइप टाकायचे तर कोरडी वाळू चौरस मीटरमागे साधारण १० वॅट देते, ओलसर चिकणमाती २० ते ३०. प्लॉट लहान असेल तर उभी बोअर घ्यावी लागते आणि तिला परवानगी लागते. आडव्या पाइपांवर नंतर गॅरेज किंवा फरसबंदी करता येत नाही; वरून पडणाऱ्या पावसाने आणि उन्हानेच ती माती पुन्हा तापते.

पेलेट बॉयलर जागा आणि हात दोन्ही मागतो. वर्षाला १०,००० किलोवॅट-तास उष्णता हवी तर साधारण सव्वादोन-अडीच टन पेलेट, म्हणजे साडेतीन-चार घनमीटर कोरडी साठवण, शिवाय राख काढणं. आपल्या उदाहरणातल्या घरासाठी बहुतेक पेलेट बॉयलर मोठेच ठरतात.

थेट विजेचे हीटर बसवायला स्वस्त, चालवायला महाग; पूर्ण घरासाठी मी ते फक्त अगदी कमी गरजेच्या, लहान घरात मान्य करेन. गावात सामायिक उष्णता पुरवठा असेल तर त्याचा करार वाचा: किमान शुल्क किती आणि बाहेर पडता येतं का.

लाकडाची शेगडी बैठकीत हवी असा अनेकांचा आग्रह असतो. ४.४ किलोवॅटच्या घरात ८ किलोवॅटची शेगडी पेटवली की अर्ध्या तासात खिडक्या उघडाव्या लागतात. सर्वांत लहान घ्या आणि जळणासाठी हवा थेट बाहेरून आणणारी घ्या.

सावधान: हवाबंद घरात स्वयंपाकघराचा एग्झॉस्ट सुरू झाला की आत कमी दाब तयार होतो आणि शेगडीचा धूर उलटा खोलीत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो. शेगडी बसवणार असाल तर दाबाचा सुरक्षा स्विच आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हे दोन्ही त्याच अंदाजपत्रकात लिहा.

## पायरी ६: यंत्राचा आकार

‘थोडं मोठं असलेलं बरं’ ही सवय इथे महागात पडते. आपलं घर उणे १० अंशांना ४.४ किलोवॅट मागतं, म्हणजे दर अंश फरकाला साधारण १४७ वॅट. बाहेर १० अंश असताना त्याची गरज दीड किलोवॅटही राहत नाही. ऊन आलं आणि माणसं घरात असली की आणखी कमी. हिवाळ्यातले बहुतेक दिवस असे मध्यम थंडीचेच असतात. किमान ३ किलोवॅटच्या खाली उतरू न शकणारं यंत्र अशा दिवशी चालू-बंद, चालू-बंद करत राहतं. कॉम्प्रेसर झिजतो, वीज जास्त जाते. म्हणून कमाल क्षमतेइतकीच किमान क्षमताही विचारा. विक्रेते हा आकडा आपणहून सांगत नाहीत.

दुसरी गफलत नावात असते. ‘८ किलोवॅट’ असं नाव असलेला हीट पंप बाहेर ७ अंश असताना ८ देत असेल. उणे १० ला तो पुष्कळच कमी देतो. तुमच्या डिझाइन तापमानाला आणि तुमच्या पाण्याच्या तापमानाला तो किती देतो, ते उत्पादकाच्या तक्त्यात बघा. वर्षातल्या मोजक्या अतिथंड तासांसाठी आतला विजेचा हीटर मदतीला आला तर बिघडत नाही. त्या मोजक्या तासांसाठी वर्षभर मोठं यंत्र पोसणं जास्त महाग पडतं.

बफर टाकी, म्हणजे हीटिंगचं गरम पाणी साठवणारी टाकी, सरसकट लागत नाही. फ्लोअर हीटिंगची सगळी सर्किटं उघडी ठेवली तर तापलेली फरशीच तिचं काम करते, आणि टाकीत गरम-गार पाणी मिसळून तापमान वाया जातं ते वेगळंच. कोटेशनमध्ये बफर असेल तर ‘का?’ असा प्रश्न विचारा.

हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटची जागा याच वेळी ठरवा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवलं की आवाज परावर्तित होऊन वाढतो. मोकळ्यात अंतर दुप्पट केलं की तो सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. कुणाच्याही झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली नको, शेजाऱ्याच्या तर नकोच. शून्याच्या आसपासच्या दमट हवेत युनिटवर बर्फ धरतो आणि तो वितळवला की पाणी पडतं. ते खडीच्या खड्ड्यात, गोठणार नाही असं मुरलं पाहिजे. हे पाणी पायवाटेवर आलं तर सकाळी तिथे बर्फाची लादी तयार असते.

सावधान: अनेक नव्या युनिटमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी आर-२९०, म्हणजे प्रोपेन, वापरतात. तो ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड. उत्पादकाने सांगितलेल्या सुरक्षित अंतरात खिडकी, तळघराचा झरोका किंवा गटाराचं तोंड येता कामा नये.

## पायरी ७: कोटेशन मागवा

आता फोन करा. सर्वांना तुमचा एकच हीट लोड अहवाल पाठवा, म्हणजे तुलना होऊ शकेल. प्रत्येकाकडून लेखी मागा: डिझाइन तापमानाची क्षमता, किमान क्षमता, पाण्याचं तापमान, पाइपांमधलं अंतर, आवाजाची पातळी, विजेचं काम, प्रत्येक सर्किटचं बॅलन्सिंग (त्यातला पाण्याचा प्रवाह लावून देणं) आणि सर्व्हिसला कोण येणार. जो अहवाल न उघडता ‘आमच्या अनुभवाने बारा किलोवॅट लागतील’ म्हणेल त्याला नम्रपणे नकार द्या.

## पायरी ८: बांधकामातला क्रम

निवड उत्तम आणि अंमलबजावणी आगेमागे, असं झालं तरी सगळं वाया जातं.

१. पाया भरण्याआधी बाहेरच्या युनिटचे पाइप जाण्यासाठी स्लीव्ह (भिंतीत आधीच ठेवायची नळी), विजेच्या नळ्या आणि युनिटचा ओटा. नंतर भिंत फोडली की हवाबंद थर फाटतो.

२. खिडक्या बसल्यावर आणि प्लास्टर झाल्यावर जमिनीचं इन्सुलेशन, भिंतीकडेची लवचीक पट्टी, मग पाइप. ही पट्टी विसरली तर तापल्यावर फुगणारा स्क्रीड, म्हणजे पाइपांवर ओतलेला फरशीखालचा थर, भिंतीला भिडतो आणि तडकतो.

३. दाबाची चाचणी. दाबाचा आकडा आणि वेळ लिहून ठेवा आणि स्क्रीड ओतताना पाइप दाबाखालीच ठेवा, म्हणजे फावड्याचा घाव बसला तर तिथल्या तिथे कळतं.

४. स्क्रीडच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो, मोजपट्टी जमिनीवर ठेवून. दाराचा स्टॉपर बसवताना कधीतरी हेच फोटो पाइप वाचवतील.

५. स्क्रीड ओतल्यावर थांबा. सिमेंटच्या स्क्रीडला किमान २१ दिवस, अनहायड्राइटच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) स्क्रीडला किमान ७ दिवस तापवायचं नाही. मग २५ अंशांचं पाणी ३ दिवस, आणि त्यानंतर डिझाइनचं कमाल तापमान ४ दिवस. घाईने तापवलेला स्क्रीड वाकतो आणि फुटतो, आणि तो दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य असतं.

६. ओलावा मोजल्याशिवाय फरशीवाल्याला बोलावू नका. कार्बाइड पद्धतीने, म्हणजे स्क्रीडचा नमुना कॅल्शियम कार्बाइडसोबत मिसळून, मोजलेला आकडा कागदावर घ्या. तळवा ठेवून ‘कोरडं वाटतंय’ ही चाचणी नव्हे.

सावधान: स्क्रीड वाळवण्यासाठी घराच्या हीट पंपाला जुंपू नका. लहान क्षमतेच्या यंत्राला हे काम झेपत नाही आणि जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाने भोवतालची माती अति थंड होऊ शकते. या कामासाठी भाड्याने मिळणारा विजेचा तात्पुरता हीटर लावा आणि त्याचं वीजबिल अंदाजपत्रकात आधीच धरा.

## पायरी ९: सुरू करताना आणि पहिल्या हिवाळ्यात

कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा तपासून पहिल्यांदा सुरू करण्याच्या, दिवशी घरी हजर राहा. प्रत्येक सर्किटचा प्रवाह डिझाइनप्रमाणे लावला आहे का ते मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळी सर्किटं जिथून फुटतात तिथे, बघा. सगळे काटे एकाच आकड्यावर असतील तर बॅलन्सिंग झालेलं नाही. मोनोब्लॉक युनिट (सगळं यंत्र बाहेरच्या एकाच युनिटमध्ये) असेल तर वीज गेल्यावर बाहेरच्या पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून काय केलंय, गोठण्यापासून वाचवणारा व्हॉल्व्ह की पाण्यात मिसळायचं गोठणरोधक ग्लायकॉल, ते दाखवायला सांगा.

मग हीटिंग कर्व्ह, म्हणजे बाहेर थंडी वाढेल तसं पाणी किती तापवायचं याचं नियंत्रण. कारखान्याची मांडणी बहुधा गरजेपेक्षा वर असते. थंड दिवसांत सर्व खोल्यांचे थर्मोस्टॅट पूर्ण उघडा आणि कर्व्ह थोडा खाली आणा. दोन दिवस थांबा, कारण फ्लोअर हीटिंगला बदल दाखवायला वेळ लागतो. पुन्हा खाली आणा. सर्वांत थंड खोली जेमतेम हव्या त्या तापमानाला आली की थांबा, आणि इतर खोल्या गरम वाटल्या तर त्यांचा प्रवाह मॅनिफोल्डवरून कमी करा. रात्री तापमान उतरवून सकाळी चढवण्याचा खेळ अशा घरात खेळू नका. फरशी थंड व्हायला रात्र जाते आणि तापायला अर्धा दिवस.

पहिल्या वर्षाच्या बिलावरून यंत्राला दोष देऊ नका. प्लास्टर, काँक्रीट आणि स्क्रीडमध्ये हजारो लिटर पाणी असतं. ते वाळायला उष्णता खर्च होते आणि ओल्या भिंती इन्सुलेशनही कमी देतात. या काळात वायुवीजन बंद ठेवलं तर कोपऱ्यांत बुरशी येते. वीज आणि उष्णता दोन्हींच्या मीटरचे आकडे दर महिन्याला लिहून ठेवा. यंत्राची खरी कार्यक्षमता दुसऱ्या हिवाळ्याच्या आकड्यांवरून काढा आणि ती कोटेशनमधल्या आकड्याशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर इन्स्टॉलरला बोलावताना ही वही समोर ठेवा, आणि पाण्याचं तापमान डिझाइनमध्ये ठरलं होतं तेच आहे का, इथून चौकशी सुरू करा.